शील मोडलेल्याला विहाराबाहेर ठेवणार काय?

पाचवे शील ज्याने मोडले त्याने विहारात पाऊल टाकू नये, त्याच्या घरच्या मंगल परिणयास उपासकांनी जाऊ नये, अशी भाषा आपल्या काही वस्त्यांतून कानी येऊ लागली आहे. ही भाषा बोलणारे लोक वाईट नाहीत. ते स्वतः निर्व्यसनी आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांनी बापाच्या दारूपायी आईचे झालेले हाल डोळ्यांदेखत पाहिले आहेत, आणि घेतलेल्या दीक्षेला बट्टा लागू नये ही त्यांची तळमळ खरी आहे. परंतु तळमळ खरी असली म्हणून विचार खरा ठरत नाही. दारुड्याला वाळीत टाकणे धम्माला धरून नाही, कायद्यात बसत नाही आणि त्यामुळे एकही माणूस दारूतून सुटत नाही, असे आमचे स्पष्ट मत असून ते नवदीक्षित बंधुभगिनींसमोर आडपडदा न ठेवता मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम धम्माचे पाहू. विनयपिटकात सागत थेरांची कथा आहे. हे थेर सामान्य नव्हते; अंबतित्थ येथील नागाला त्यांनी नमविले होते व त्यामुळे त्यांचा मोठा लौकिक झाला होता. ते कोसंबीस आले तेव्हा तेथील उपासकांनी कौतुकापोटी घरोघरी त्यांच्यासाठी मद्य तयार ठेवले. थेर घरोघरी प्याले आणि नगराच्या वेशीत पडले. भगवान बुद्ध भिक्खूंसह तेथून जात होते. त्यांनी सागतांना ओलांडून पुढे पाऊल टाकले नाही, की संघातून त्यांचे नाव काढले नाही. त्यांनी भिक्खूंना सांगून त्यांना उचलवून विहारात आणविले. शुद्ध हरपलेल्या सागतांनी तेथे तथागतांच्याच दिशेने पाय केले. तेव्हा तथागतांनी नागाला नमविणाऱ्या माणसाची दारूने काय दशा केली हे भिक्खूंना दाखवून दिले आणि मद्यपानाविरुद्ध नियम घालून दिला. कानउघाडणी झाली, पण ती उचलून आत आणल्यानंतर झाली, हे ध्यानात घ्या. आणि पेला भरणारे हात उपासकांचे होते ही गोष्टही कथेने झाकून ठेवलेली नाही.

विनयातील शिक्षेचे प्रमाण पाहिले तरी हेच दिसते. ज्यांमुळे भिक्खू संघातून कायमचा बाहेर पडतो असे अपराध चार आहेत. त्यांना पाराजिक म्हणतात. मद्यपान त्या चारांत नाही. ते पाचित्तिय आहे, म्हणजे संघापुढे बोलून दाखवून शुद्ध व्हावयाचा दोष आहे. चीवरधारी भिक्खूला जी सवलत विनयाने दिली ती हातगाडी ओढणाऱ्या उपासकाला आपण नाकारणार काय? गृहस्थाच्या शीलाला तर ‘शिक्षापद’ म्हटले आहे. ते शिकावयाचे पाऊल आहे. आपण पंचशील आयुष्यात एकदाच ग्रहण करीत नाही, प्रत्येक वंदनेच्या वेळी पुन्हा ग्रहण करतो. एकदा घेतलेले शील कधी मोडतच नसते तर ते पुन्हा पुन्हा घेण्याचे प्रयोजन तरी काय होते? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती सैल करावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याला ती पाळावयाची आहे पण पाळता येत नाही, त्याला ती पाळता यावी म्हणून आपण काय करतो, एवढाच आमचा सवाल आहे.

आता कायद्याचे. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली केला व तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आला. समाजाच्या नावाने बसलेल्या कोणत्याही मंडळीने एखाद्या कुटुंबाला प्रार्थनास्थळी येण्यास, लग्नकार्यास वा अंत्यविधीस मज्जाव केला तर तो या कायद्याने गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘आम्ही जात पंचायत नाही, आम्ही विहार समिती आहोत’ हा बचाव कोर्टात टिकेल अशा भ्रमात कोणी राहू नये. नावाच्या पाटीवरून कृत्याचे स्वरूप बदलत नाही. पण आम्हाला कलमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे वैषम्य वाटते. गावाने पाणी तोडले, दळण तोडले, वाट तोडली, हे ज्यांच्या आजोबांनी सोसले, आणि ज्यांच्या नेत्याने १९२७ साली काढलेल्या आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ असे नाव दिले, त्यांच्या नातवंडांनी बहिष्काराचेच हत्यार आपल्या पडलेल्या भावावर चालवावे, याला काय म्हणावे?

व्यवहारात या हत्याराचा परिणाम काय होतो ते आम्ही आमच्या कचेरीत पाहतो. पोटगीच्या दाव्यासाठी आलेल्या एका भगिनीने सांगितलेली हकीकत अशी: तिच्या नवऱ्याने सात महिने दारूला स्पर्श केला नव्हता. जयंतीच्या मंडपात तो खुर्च्या लावण्यासाठी म्हणून गेला. तेथे एका कार्यकर्त्याने चारचौघांत म्हटले, “आलं बघा पाचवं शील चालत!” मंडपात हशा पिकला. त्या रात्री तो घरी आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी आला तो पिऊनच. त्याच्या पडण्याची सगळी जबाबदारी त्या एका वाक्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पण सात महिने जो माणूस एकट्याने झगडत होता त्याला सोबत देणारा एकही मनुष्य त्या मंडपात नव्हता, हे तर खरे ना?

‘मनात आणले तर सोडता येते’ हे वाक्य ज्याला कधी व्यसन जडले नाही तोच बोलू जाणे. व्यसनाधीनता हा आजार आहे ही गोष्ट आता वैद्यकाने आणि कायद्यानेही मान्य केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तीत मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था स्पष्टपणे घातल्या आहेत. याचा अर्थ उपचार मिळणे हा त्या माणसाचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. हक्क कागदावर आहे, पण पदरात किती पडतो? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून असे दिसले की, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात राहून उपचार घेण्याची संधी १८० माणसांमागे एकाला मिळते. उरलेले कोठे जातात? ते पोलीस चौकीत, गटाराच्या काठी आणि आपल्या टिंगलीच्या विषयात जातात.

येथे जातीचा एक मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ‘त्या वस्तीतले लोक, ते पिणारच’ हा शेरा आपण जन्मभर ऐकत आलो. सदाशिव पेठेतील एखाद्या घरचा मुलगा पिऊ लागला तर तो ‘डिप्रेशनमध्ये’ असतो व त्याला नर्सिंग होममध्ये गुपचूप दाखल केले जाते. आपला मुलगा प्याला तर तो ‘दारुडा’ होतो आणि त्याला रात्रभर चौकीत बसविले जाते. आजार एक, नावे दोन. मग वस्तीत गुत्ता कोणी आणला, हे कोणी विचारील काय? महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. अबकारीचे उत्पन्न सरकारचे आणि उद्ध्वस्त होणारी घरे मात्र गरिबांची, हा व्यवहार तेव्हापासूनचा आहे. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे की, नाताळच्या सुटीत मालक गुलामांना मुद्दाम भरपूर दारू पाजीत, स्वातंत्र्य म्हणजे हीच झिंग असे वाटून त्यांना त्याची किळस यावी म्हणून. तेव्हा दारूपासून सुटणे हा आपल्या मुक्तिसंग्रामाचाच भाग आहे, यात शंका नाही. पण कैदेतून सुटू पाहणाऱ्या कैद्यालाच दगड मारणे हा कोणत्या संग्रामाचा भाग म्हणावयाचा?

सदाशिव पेठेचे नाव आम्ही उगीच घेतले नाही. आमची कचेरी तेथेच आहे. ३१ मे २०२५ रोजी सायंकाळी याच पेठेत भावे हायस्कूलजवळ चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या बारा जणांना दारू प्यालेल्या चालकाच्या मोटारीने उडविले. जखमींत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी होते. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. परंतु पिणाऱ्या माणसाकडे समाजाचे लक्ष जाते ते तो कोणाच्या अंगावर मोटार घालतो तेव्हा, नाही तर बायकोचे डोके फोडतो तेव्हाच, हा आपला नित्याचा अनुभव आहे. त्याआधीची दहा-दहा वर्षे तो कोणाचाच नसतो.

आणि त्या टपऱ्यांभोवती उभी असणारी मुले कोण आहेत? मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली, या पेठेतील अभ्यासिकांत दिवसाचे बारा-बारा तास बसणारी, आठ बाय दहाच्या खोलीत चौघे राहणारी ही मुले आहेत. त्यांत आपल्या नवदीक्षित घरांतील मुले थोडी नाहीत. आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक त्यांनी पाहिले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात यश आले नाही की घरी फोन करण्याची लाज वाटू लागते. मग कोणीतरी बाटली पुढे करतो, हल्ली तर ‘एम. डी.’ नावाची भुकटी पुढे करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत याच मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला, हे वाचकांना आठवत असेल. गावच्या आईवडिलांना यातले काही कळत नाही. मुलगा वस्तीत नाही म्हणून वस्तीचा विहार त्याचा नाही. पेठ तर त्याची कधीच नव्हती. त्याच्यासाठी समाज म्हणून कोण उभे राहणार आहे?

उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही; पेठेतून नदी ओलांडून येरवड्याला गेले की पुरते. तेथे मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पुण्यात तेव्हा गर्दने थैमान घातले होते. त्यावर अनिल अवचटांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली, आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या या बाईंनी कामाला हात घातला. १९९७ साली त्यांचे निधन झाले, २०२२ साली अनिल अवचटही गेले, पण केंद्र चालू आहे. त्या घराण्याविषयी, त्यांच्या विचारांविषयी कोणाचे काही मतभेद असतील; आम्हाला येथे महत्त्वाची वाटते ती त्यांची रीत. व्यसनातून सुटलेल्या माणसालाच तेथे कामावर घेतले, त्यालाच दुसऱ्याचा समुपदेशक केले. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट काढला, कारण नवरा पितो तेव्हा आजारी सारे घर पडते. आणि केंद्रातील पस्तीस दिवसांवर विसंबून न राहता, घरी गेलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बैठकीला बोलावले. सदतिसाव्या दिवशी तो माणूस त्याच गल्लीत, त्याच गुत्त्यासमोरून जाणार असतो. तेथे डॉक्टर पोहोचू शकत नाही. शेजारी पोहोचू शकतो.

पडलेल्यानेच पडलेल्याला हात द्यावा ही कल्पना कोण्या एका देशाची नाही. अमेरिकेतील सेनेका या मूळनिवासी जमातीत व्यापाऱ्यांनी दारूचा सुकाळ केला होता. स्वतः दारूने अंथरुणाला खिळलेल्या हॅन्सम लेक या गृहस्थाने १७९९ साली उठून आपल्या लोकांना दारूपासून परत फिरविण्यास आरंभ केला. पुढे १९३५ साली ओहायोतील ॲक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ जन्मास आली. भारतात ती १९५७ पासून आहे. तिची बैठक पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते ते तिच्या साधेपणाचे. आठ-दहा माणसे वर्तुळात बसतात. आडनाव सांगावयाचे नाही. आपल्या लोकांना या एका नियमाचेच केवढे मोल वाटावे! प्रत्येकाने फक्त स्वतःचे बोलावयाचे, दुसऱ्याला उपदेश करावयाचा नाही. फी नाही, चहाचा खर्च आपसांत वर्गणी काढून भागवावयाचा, बाहेरची देणगी घ्यावयाची नाही. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही, आजचा दिवस न पिता काढावयाचा. रात्री तल्लफ आली तर ज्याला फोन करावा असा एक जुना सोबती प्रत्येक नव्याला मिळतो. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांची, दहा हजारांहून अधिक माणसांची छाननी केली, तेव्हा सतत दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रचलित मानसोपचारांच्या बरोबरीची नव्हे, सरस ठरली.

यावर आपल्यातील शिकलेले लोक एक हरकत घेतील आणि ती पोकळ नाही. त्या संस्थेच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. ज्याने ईश्वर नाकारून धम्म स्वीकारला त्याने तेथे काय म्हणावयाचे? आमचे उत्तर असे की, बैठकीतील माणसांचे बळ हेच आपल्याहून मोठे बळ मानून तेथे बसणारे अनेक निरीश्वरवादी आहेत. आणि ज्याला तेही रुचत नाही त्याने स्वतःची बैठक उभारावी. थायलंडच्या सराबुरी प्रांतातील वाट थाम क्राबोक या विहारात १९५९ पासून भिक्खूंच्या देखरेखीखाली अफू, हेरॉइन, दारूच्या आहारी गेलेल्यांवर उपचार होतात; तेथे सत्याची प्रतिज्ञा आहे, ईश्वर नाही. आपल्याकडे तर साचा तयारच आहे. पंधरवड्याच्या उपोसथाला एकत्र जमून आपला दोष संघापुढे बोलून मोकळे होण्याची भिक्खूंची रीत अडीच हजार वर्षांची आहे. खुर्च्या तेवढ्या वर्तुळात मांडावयाच्या आहेत.

दुसरी हरकत दारूबंदीवाल्यांची. १९०८ साली याच पुण्यात दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झाले, टिळक त्यात होते. १९४९ पासून आपल्या राज्यात दारूबंदीचा कायदा आहे. घटनेचे ४७ वे कलम आहे. २००८ च्या आदेशाने तर महिलांना मतदान घेऊन आपल्या गावातील वा वॉर्डातील दुकान बंद पाडण्याचा हक्क आहे. त्या ‘आडव्या बाटली’ला मत देण्यास आपल्या भगिनींनी अवश्य जावे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली केलेली बंदी २०२१ साली सरकारने उठविली. सरकारचे मन बदलते. आणि बंदी असतानाही ज्याचे हातपाय दारूविना कापतात त्याचे काय, याचे उत्तर बंदीच्या हुकुमात नसते.

तिसरा मार्ग सर्वांत घातक, म्हणून वकील या नात्याने बजावून सांगतो. कंटाळलेले घरचे लोक कोठल्या तरी खाजगी ‘केंद्रा’ची गाडी बोलावतात; चार माणसे येतात, मुलाला बांधून नेतात, बाप कोऱ्या कागदावर सही करतो. मारहाणीच्या, उपाशी ठेवण्याच्या तक्रारी अशाच ठिकाणांहून येतात. २०१७ च्या कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे नोंदणीशिवाय असे केंद्र चालविता येत नाही. ९५ व्या कलमाप्रमाणे साखळदंडाने बांधणे कोणत्याही रूपात वर्ज्य आहे. आणि १९ वे कलम आजारी माणसाला समाजात राहण्याचा हक्क देते. नोंदणीचा दाखला पाहिल्याशिवाय सही करू नका. मुलगा मादक द्रव्य सेवनाच्या गुन्ह्यात सापडला असेल तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे ६४-अ कलम वकिलाला दाखवा. सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार पुरे करणाऱ्या व्यसनी माणसावरील खटल्यापासून त्यात संरक्षण आहे.

एक सावधगिरी मात्र बैठक चालविणाऱ्यांनी विसरू नये. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भास सुरू होतात व प्रसंगी जीवही जातो. ‘आजपासून बंद’ असे वचन घेऊन त्याला घरी कोंडू नका; आधी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्या. सरकारचा १४४४६ हा फुकट दूरध्वनी क्रमांक विहाराच्या फलकावर लिहा. डॉक्टरचे काम डॉक्टरने करावे. आपले काम त्यानंतर सुरू होते आणि ते वर्षानुवर्षे चालते.

सबब, येत्या पौर्णिमेच्या सभेत प्रत्येक विहार समितीने पुढील ठराव मांडावा अशी आमची विनंती आहे. विहाराची एक खोली आठवड्यातून एका सायंकाळी व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांच्या बैठकीस विनामूल्य द्यावी. महिलांच्या बैठकीस दुसरी सायंकाळ द्यावी. हजेरीची वही ठेवू नये, नावे बाहेर सांगू नयेत, आणि जो पुन्हा प्याला असेल त्याला, तो शुद्धीत असेपर्यंत, आत येण्यास मज्जाव करू नये. शुद्धीत नसेल तर त्याला दोघांनी घरी पोहोचवावे. पुण्यात शिकणाऱ्या मुलांसाठी सदाशिव पेठेच्या आसपास अशी एक जागा पुण्यातील समित्यांनी मिळून भाड्याने घ्यावी. भाड्याच्या कराराचा मसुदा आम्ही फी न घेता करून देऊ. समितीच्या पदाधिकाऱ्यांनी बैठकीत बसू नये. खोलीची किल्ली, ज्याला दारू सोडून निदान एक वर्ष झाले आहे अशा माणसाच्या हाती द्यावी.